हरवलेला बोजा आणि न लिहिलेली यादी

प्रवासाच्या सामानासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. वळकटी, पडशी, झोळी, गाठोडे, बोचके, बाडबिस्तरा, चंबूगबाळे, चीजवस्तू, बोजा, बिऱ्हाड. यांतले बहुतेक शब्द उच्चारताच सामानाबरोबर ते वाहणारा माणूसही डोळ्यांसमोर उभा राहतो. पडशी खांद्यावर असते, बोचके काखेत, गाठोडे डोक्यावर, वळकटी बगलेत. आपण ‘गाशा गुंडाळतो’ त्यातला गाशा मुळात घोड्याच्या खोगिरावरचा; म्हणजे तो गुंडाळणारा स्वार शेजारीच उभा आहे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीत तर वाहणारा आणि वाहिले जाणारे यांच्यात अंतरच उरत नाही. मराठी भाषेच्या जुन्या थरात सामान आणि माणूस एकत्र प्रवास करतात. सामान लुटले जाते, विसरते, भिजते, पण ते माणसाच्या देखत. आपल्यापासून वेगळे होऊन, दुसऱ्याच वाटेने, दुसऱ्याच वेळी जाणारे सामान ही या शब्दांना ठाऊक नसलेली गोष्ट आहे.

या नव्या स्थितीसाठी आपण ‘लगेज’ हा शब्द घेतला. ‘सामान’ असताना ‘लगेज’ची गरज का पडली, याचे उत्तर मला असे दिसते की सामान आपले असते आणि लगेज कंपनीच्या ताब्यातले. त्याचे वजन होते, त्याला चिठ्ठी लागते, त्याची पावती मिळते आणि त्यानंतर ते दिसेनासे होते. मुंबईच्या लोकलमधला ‘लगेजचा डबा’ हा याला सन्माननीय अपवाद. तिथे कोळीण आपल्या पाटीशेजारी बसून असते. पाटी एका गाडीने आणि ती दुसऱ्या गाडीने असे होत नाही. २०२४ च्या जानेवारीपासून ही लोकल थेट उरणपर्यंत धावते आणि त्या मार्गावर ‘न्हावा शेवा’ नावाचे स्थानकही आहे. त्याच परिसरात, उलव्याजवळ, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. बंदर तर २६ मे १९८९ पासून आहेच. समुद्रातून येणारे पेटारे आणि आकाशातून येणाऱ्या बॅगा आता उरण-पनवेलच्या एकाच पट्ट्यात उतरतात. मालकापासून वेगळ्या झालेल्या सामानाचा विचार करायला महाराष्ट्रात याहून योग्य जागा सापडणार नाही.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा थोडक्यात असा : सामान हरवले, उशिरा आले वा फुटले की त्याची भरपाई त्याच्या मोलावर ठरत नाही, काही अंशी वजनावर, काही अंशी एका ठरीव आकड्यावर आणि सर्वाधिक अंशी त्याविषयी काय लिहून ठेवले आहे यावर ठरते. म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने हा विषय प्रवासी कंपन्यांचा म्हणून बाजूला सारू नये. तो लेखनाचा विषय आहे.

१

विमानप्रवासाचा कायदा आधी पाहू. १९२९ च्या वॉर्सा कराराने प्रवाशाच्या नोंदलेल्या सामानाची भरपाई किलोच्या हिशेबात बांधली होती. पेटीत वाळू असो वा वीणा, तराजू एकच. १९९९ च्या माँट्रियल कराराने हे किलोचे माप काढून दर प्रवाशामागे एक कमाल मर्यादा घातली. भारतात हा करार ३० जून २००९ पासून लागू आहे. मर्यादा मोजली जाते ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ‘एसडीआर’ या हिशेबी एककात. आरंभी ती एक हजार होती; महागाईचा विचार करून वेळोवेळी वाढत ११३१, १२८८ आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ झाली. म्हणजे दोन हजार अमेरिकी डॉलरच्या आसपास. देशांतर्गत उड्डाणांसाठी मात्र २०१४ च्या अधिसूचनेने दर प्रवाशामागे वीस हजार रुपयांची मर्यादा ठरवली.

या आकड्यांमागे एक सौदा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. नोंदलेले सामान ताब्यात असताना हरवले वा फुटले तर चूक कोणाची हे प्रवाशाला सिद्ध करावे लागत नाही. विमानकंपनी जबाबदार असतेच. त्या बदल्यात जबाबदारीला छप्पर घातलेले आहे. छप्पर नसते तर प्रत्येक बॅगेत कोणी काय ठेवले असेल या भीतीचा बोजा तिकिटावर पडला असता. सौदा वाईट नाही. पण त्यातल्या अटी वाचणारे थोडे. फुटल्या-फाटल्याची तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत लेखी करावी लागते. उशिराची तक्रार, सामान हाती आल्यापासून एकवीस दिवसांत. ठरल्या दिवसानंतर एकवीस दिवस बॅग आलीच नाही तर ती हरवली असे धरून हक्क मागता येतो. दाव्याची मुदत दोन वर्षांची. या सर्व अटींमध्ये कळीचा शब्द ‘लेखी’ हा आहे. तोंडी केलेला आकांत, काउंटरवर घातलेली हुज्जत, फोनवरचे अर्ध्या तासाचे संभाषण यांना कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व नाही.

विमानतळावर लगेच भरून घेतात तो अर्ज ‘प्रॉपर्टी इररेग्युलॅरिटी रिपोर्ट’ या नावाने ओळखला जातो. शब्दशः पाहिले तर ‘मालमत्तेच्या अनियमिततेचा अहवाल’. हानीला अनियमितता म्हणण्यातले चातुर्य साहित्याच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटू नये. या अर्जाबरोबर एक तक्ता दाखवतात; त्यावर बॅगांची चित्रे आणि रंग असतात, त्यांना सांकेतिक अक्षरे दिलेली असतात. आपली बॅग कोणत्या चित्रासारखी होती, हे बोट ठेवून सांगायचे. पुढे तिचा शोध जगभर चालतो तो चिठ्ठीवरचा दहा आकडी क्रमांक आणि ही अक्षरे यांच्या आधारे. शोधाची पद्धत म्हणून हे उत्तमच आहे. ‘सिटा’ या संस्थेच्या अहवालानुसार २०२४ साली जगात दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांची हेळसांड झाली, आणि त्यांतल्या बहुसंख्य बॅगा केवळ उशिरा पोहोचलेल्या होत्या. विमान बदलताना चुकामूक होणे हे सर्वांत मोठे कारण. तेव्हा बॅग बहुधा परत येते. पण हा अर्ज मुख्यतः शोधासाठी आहे, हे विसरून पुष्कळ जण तो भरला म्हणजे भरपाई मागितली असे समजतात. भरपाईची मागणी निराळी, स्वतंत्र, तारीखवार आणि लेखी करून ठेवणे शहाणपणाचे.

करारातली आणखी एक संज्ञा आमच्या क्षेत्राच्या फार जवळची आहे. सामानाच्या अंगच्या दोषामुळे, गुणधर्मामुळे वा उणिवेमुळे नुकसान झाले तर कंपनी तेवढ्यापुरती जबाबदार नसते. म्हणजे लेकीसाठी पाठवलेल्या लोणच्याच्या बरणीने वाटेत पाझर सोडला आणि साड्या तेलकट झाल्या, तर आरोपी लोणचे. काव्यशास्त्रातली दोषचर्चा शिकवताना जे शिक्षक उदाहरणाच्या शोधात असतात, त्यांनी ‘अंगभूत दोषा’चे हे व्यवहारातले रूप जरूर वापरावे.

२

मोल आणि किंमत यांतला फरक या जिल्ह्याला नवा नाही. विष्णुभट गोडसे हे रायगडातल्या पेण तालुक्यातील वरसईचे. १८५७ साली दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या हेतूने ते उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली, गोडसे यांच्या पश्चात, प्रसिद्ध केले. बंडाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त म्हणून ते शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. पण ते हरवलेल्या सामानाचेही पुस्तक आहे, या बाजूने त्याच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. ज्या पैशासाठी हा माणूस घरातून निघाला तो पैसा झाशीच्या लुटीत गेला. घरी परतताना खांद्यावर उरली ती गंगाजलाची कावड. ती त्यांनी वरसईपर्यंत वाहून आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले.

आता ही कावड एखाद्या आजच्या अर्जात भरून पाहावी. वस्तूचे वर्णन : पाणी. वजन : काही शेर. खरेदीची पावती : नाही. बाजारभाव : शून्य. ती वाटेत फुटली असती तर कोणत्याही करारानुसार भटजींना काही मिळाले नसते. आणि लुटला गेलेला पैसा सिद्ध करता आला असता तर मर्यादेपर्यंत भरपाई मिळाली असती. पण प्रवासाचा निकाल लागला तो उलट्या हिशेबाने. पैसा गेला तरी प्रवास वाया गेला नाही. कावड गेली असती तर गेला असता.

यावर कोणी म्हणेल, कायद्याने भावनांची मापे घ्यावीत ही अपेक्षाच चूक. मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. युरोपीय न्यायालयाने २०१० साली एका खटल्यात असे स्पष्ट केले की हरवलेल्या सामानाच्या ‘नुकसानी’त आर्थिक हानीबरोबर मानसिक हानीही येते, मात्र दोन्ही मिळून मर्यादा तीच. त्याच न्यायालयाने २०२० साली असेही सांगितले की मर्यादेचा आकडा ही हमखास मिळणारी रक्कम नव्हे. बॅगेत काय होते आणि ते गेल्याने काय हानी झाली हे प्रवाशाने दाखवले पाहिजे. हे निकाल आपल्या न्यायालयांना बांधील नाहीत, पण करार तोच आहे. त्यातून निघणारा अर्थ असा की मन मोजायला कायदा अगदीच नकार देत नाही. त्याचे म्हणणे एवढेच की आधी ते मांडा. कावडीतले पाणी कशासाठी होते हे लिहून दाखवण्याची जबाबदारी कावड वाहणाऱ्याची.

करारात यासाठी एक खिडकीही आहे. सामान सुपूर्द करतानाच ‘हे पोहोचण्यात माझे एवढे हित गुंतले आहे’ असे विशेष निवेदन प्रवासी करू शकतो. मागितल्यास जादा आकार भरावा लागतो आणि मग मर्यादा त्या निवेदनाइतकी वाढते. फार थोडे प्रवासी ही खिडकी वापरतात. आपल्या वस्तूंचे आपल्याशी नाते काय हे रांगेत उभे राहून, अनोळखी माणसापुढे, आकड्यात सांगायची सवय आपल्याला नाही.

३

समुद्राकडे वळले की यादीचे महत्त्व अधिकच ठसठशीत होते. परदेशातून कायमचे परतणाऱ्या मराठी कुटुंबांचे घरसामान मोठ्या प्रमाणात न्हावा शेवा येथे उतरते. माणसे विमानाने पुढे येतात आणि भांडी, गाद्या, फोटो, पुस्तके मागून जहाजाने. संपूर्ण कंटेनर न परवडणाऱ्यांचे सामान इतरांच्या मालाबरोबर एकाच पेटाऱ्यात येते, बंदराबाहेरच्या गोदामात सुटे होते, कस्टम्सची तपासणी होते आणि मग घरी पोहोचते. या वाटेवर पुस्तकांचा खरा शत्रू चोर नसून दमट हवा आहे. दिवसा तापलेल्या पेटाऱ्यातली ओली हवा रात्री थंड पत्र्याला लागून थिजते आणि थेंब थेंब खाली गळते. नाविक तिला पेटाऱ्यातला पाऊसच म्हणतात. पावसाळ्यात उरणच्या किनाऱ्यावर थांबलेल्या खोक्यातली पुस्तके उघडली तर अक्षरांच्या आधी बुरशीचा वास भेटतो.

सागरी वाहतुकीचा आपला कायदा १९२५ चा होता. २०२५ साली त्याच्या जागी नवा आला. भरपाईची मर्यादा मात्र ‘हेग-व्हिस्बी’ नियमांची, म्हणजे दर नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोमागे २ एसडीआर, यांपैकी जे अधिक असेल ते. आता प्रश्न उरतो, नग कशाला म्हणायचे? नियम सांगतात, पेटाऱ्यातले नग भरतियेच्या कागदावर, म्हणजे ‘बिल ऑफ लॅडिंग’वर, जसे मोजून लिहिले असतील तसे. मोजून लिहिलेच नसतील तर आख्खा पेटारा हा एक नग.

समजा, एका निवृत्त प्राध्यापकांच्या पुस्तकांची बेचाळीस खोकी आहेत, प्रत्येकी पंचवीस किलोंची. कागदावर ‘एक कंटेनर, घरसामान’ असे लिहिले तर मर्यादा किलोच्या हिशेबाने २१०० एसडीआर. ‘बेचाळीस खोकी’ असे लिहिले तर तीच २८,००० एसडीआर. पुस्तके तीच, जहाज तेच, समुद्र तोच. फरक एका शब्दाचा आहे. अर्थात ही कमाल मर्यादा. प्रत्यक्ष नुकसानीपलीकडे काही मिळत नाही आणि नुकसान सिद्ध करावेच लागते. तरीही इतक्या थेटपणे शब्दाचे मोल ठरवणारे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. लेखनाने काय साधते, असा प्रश्न पहिल्या वर्षाचे विद्यार्थी विचारतात. त्यांना हा कागद दाखवावा.

समुद्राच्या कायद्यात आणखी एक जुनी कल्पना आहे, जी विमानाच्या कायद्यात नाही. जहाज वाचवण्यासाठी काहींचा माल समुद्रात टाकावा लागला तर ती हानी ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी प्रमाणात वाटून घ्यायची. ‘जनरल ॲव्हरेज’ हे तिचे व्यवहारातले नाव. तिचे मूळ प्राचीन ऱ्होड्स बेटाच्या रूढीपर्यंत जाते. भरतियेच्या कागदावर आलेले घरसामानही या वाटणीतून सुटत नाही. आपली खोकी सुखरूप पोहोचली म्हणून खूश असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बुडालेल्या मालापोटी रक्कम भरायला सांगितली की तो चिडतो. पण एकाच जहाजावर असण्याचा अर्थ इतक्या रोखठोकपणे दुसऱ्या कोणत्या कायद्याने सांगितलेला नाही.

बुडणे ही इथली कविकल्पनाही नव्हे. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा शेवा येथून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबईकडे येणारे ‘खलिजिया-३’ ही जहाजे मुंबईच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले, दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद राहिली. त्या पेटाऱ्यांत काय होते, याची नोंद कागदांवर होती. म्हणून दावे उभे राहू शकले. त्याच तेलाने उरण-अलिबागच्या मासेमारीचे जे झाले त्याच्यासाठी मात्र भरतियेचा कागद कुणी फाडलेला नव्हता. मासा बुडाला नाही, तो फक्त आला नाही. आणि न आलेल्या माशाचा नग कसा मोजायचा?

४

इथे त्या दोन गावांकडे यावे लागते, ज्यांची नावे जगभरच्या चिठ्ठ्यांवर छापली जातात. न्हावा आणि शेवा ही बंदराची नावे होण्यापूर्वी माणसांची गावे होती. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातली कुटुंबे उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाडा या नव्या वसाहतीत नेण्यात आली. तिथल्या घरांना वाळवी लागली. पुन्हा नीट वसवा ही मागणी करण्यात त्या कोळीवाड्याच्या एकामागून एक पिढ्या गेल्या. पुढे विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली अशा दहा गावांनी गाशा गुंडाळला. विमानतळावर सामानाची जी पट्टी फिरते, तिच्याखालच्या जमिनीवर कुणाचे तरी अंगण होते.

हे लिहिताना बॅग आणि गाव यांना एका मापाने मोजण्याचा माझा हेतू नाही. बॅग हरवणे ही गैरसोय आहे आणि गाव हरवणे ही आयुष्याची उलथापालथ. पण भरपाईचे व्याकरण दोन्हीकडे एकच आहे, एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे. जे मोजता येते त्याचा दर लागतो : सातबाऱ्यावरची जमीन, घराचे चौरस फूट. जे लिहिलेले नसते त्याचा दर लागत नाही : जाळी वाळवायची मोकळी जागा, होडी ओढायचा उतार, खाडीतली निवटे-कालवे धरण्याची पिढीजात ओळख. ज्याचे नाव उताऱ्यावर नाही त्याचा बोजा कायद्याच्या हिशेबी हरवलेलाच नसतो, कारण तो होता असेच कुठे म्हटलेले नसते.

तरी या परिसराने एक गोष्ट शिकवली आहे. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले ते त्यातून. दर आणि मर्यादा या निसर्गाने ठरवलेल्या गोष्टी नाहीत. त्या मागणीने बदलतात, हा त्याचा धडा. विमानप्रवाशाची मर्यादा महागाईनुसार आपोआप तपासली जावी अशी तरतूद करारातच आहे. विस्थापिताला तेवढ्यासाठी जीव द्यावा लागला. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे सभ्यतेने कोणाच्या सामानाची काळजी आधी घेतली हे वेगळे सांगावे लागत नाही.

५

मग साहित्याच्या शिक्षकाने करायचे काय? सामान हरवण्याच्या कथा आपण वर्गात सांगतोच. १९१२ साली लंडनच्या भुयारी रेल्वेत रथींद्रनाथ ठाकूर एक छोटी बॅग विसरले. तिच्यात वडिलांच्या ‘गीतांजली’च्या इंग्रजी अनुवादाचे हस्तलिखित होते. हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत ती सापडली आणि पुढच्या वर्षी नोबेल पुरस्कार मिळाला. १९२२ साली पॅरिसच्या स्थानकावर हेमिंग्वे यांची आरंभीची लेखनसामग्री असलेली पेटी चोरीला गेली. ती कधीच मिळाली नाही. या कथा आपण दैवाच्या म्हणून सांगतो. मला त्या कारकुनाच्या म्हणून सांगाव्याशा वाटतात. लंडनच्या त्या कचेरीत कोणी तरी बॅग उचलून आणली, नोंदली, फळीवर ठेवली आणि विचारायला आलेल्याला परत दिली. त्याला आत काय आहे हे ठाऊक नव्हते, आणि तेच महत्त्वाचे. ज्याचे मोल आपल्याला कळत नाही अशा दुसऱ्याच्या वस्तूची नीट नोंद ठेवणे, हा संस्कृतीचा पाया आहे. संपादन, हस्तलिखितांची सूची, संग्रहालयातली वर्णनपत्रे, सारी त्याचीच रूपे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. यादी हा गद्यप्रकार म्हणून शिकवावा. परगावी, परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याने पेटी भरल्यावर तिच्यातल्या वस्तूंची यादी करावी, छायाचित्र काढावे, आणि एकमेव प्रत असलेला कागद नोंदलेल्या सामानात कधीही टाकू नये. परदेशातले ज्येष्ठ मराठी वाचक आपले ग्रंथ मायदेशी पाठवतात तेव्हा ‘जुनी पुस्तके’ या दोन शब्दांवर भागवू नये. खोकी मोजावीत, शीर्षके लिहावीत, ती यादी भरतियेच्या कागदाला जोडावी. एखाद्या अंकाचा तोच एक संच उरलेला असतो आणि तो बुरशीने गेला तर काय गेले हे सांगायला यादीशिवाय कोणी साक्षीदार नसतो.

दुसरी सूचना संस्थांना. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते. उरणच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. पण दार जवळ आले तरी विमानतळावरच्या अर्जाची भाषा दूरच राहिली तर उपयोग अर्धाच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आपण साजरा केला. अभिजाततेची एक कसोटी अशीही असावी की पुतण्याच्या लग्नाहून परतलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या काकूंना आपल्या बॅगेत काय होते हे आपल्या भाषेत, पुरेशा जागेत लिहिता यावे. त्या ‘निळी, चाके असलेली’ एवढे लिहून थांबणार नाहीत. कोणत्या साडीत काय गुंडाळले होते, डबा कोणाचा होता, तो का परत न्यायचा होता, हे सगळे त्या लिहितील. त्यातले कायद्याला किती उपयोगी पडेल हे वकील पाहतील. परंतु हरवलेल्या वस्तूचे पूर्ण वर्णन करण्याचा हक्क भरपाईच्या हक्काच्या आधीचा आहे.

बॅगेच्या चिठ्ठीवर मुंबईची खूण अजूनही ‘बॉम्बे’वरून आलेली तीन अक्षरेच सांगतात, नव्या विमानतळाची तीन अक्षरे त्याहून निराळी. या अक्षरांवर बॅग जगभर फिरून परत येऊ शकते, आणि ते काही कमी नाही. पण ती कोणाची, कशासाठी निघालेली आणि तिच्यात काय होते हे सांगायला तीन अक्षरे पुरत नाहीत. तेवढ्यासाठी भाषा लागते, आणि ती आपल्यालाच वापरावी लागते, शक्यतो पेटी बंद करण्याआधी.